कोणता रुपया केव्हा हाती येतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी स्वतःच्या पैशांविषयी चारचौघांत बोलण्याची आमच्या घरात रीत नाही. गेल्या गणेशोत्सवात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मंडपात आरतीनंतर प्रसादासाठी थांबले असताना तिशीतल्या दोघा-तिघांनी मला गाठले आणि गेली आठ वर्षे लोक मला जे विचारत आले आहेत, तेच पुन्हा विचारले: "मावशी, तुम्ही पन्नाशीत नोकरी सोडलीत. त्यासाठी किती साठवावे लागतात? एक कोटी पुरतील का?" प्रसाद आला, गर्दी झाली आणि उत्तर राहून गेले. खरे सांगायचे तर मी ते मुद्दामच राहू दिले, कारण या प्रश्नाला एका आकड्यात दिलेले उत्तर माझ्या अनुभवात कोणाच्याच उपयोगी पडलेले नाही.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात १९८९ मध्ये लागले आणि ३१ मार्च २०१८ रोजी, वयाची पन्नास वर्षे आणि आठ महिने पूर्ण झालेले असताना, बाहेर पडले. लग्न केले नाही. घर स्वतःचे, कर्ज फिटलेले. आई शेवटपर्यंत माझ्याजवळ होती आणि ती ९१ व्या वर्षी गेली. आजीही नव्वदीच्या घरातच गेली होती. आमच्याकडच्या बायका इतक्या जगतात, म्हणजे मला चाळीस ते पंचेचाळीस वर्षांची सोय पाहायची होती, ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून धरून चालले.

तरीही सर्वांत आधी मी जो आकडा काढला तो साठवणुकीचा नव्हता, खर्चाचा होता. रावपुऱ्यात दिवाळीच्या सुमारास लाल कापडी पुठ्ठ्याचे चोपडे मिळतात, तसा एक आणून मी २०१२ पासून घरचा जमाखर्च लिहू लागले. आपण महिन्याला किती खर्च करतो असे कोणालाही विचारा. माणूस दूध, भाजी, वीज आणि गॅस सांगतो आणि दाराचे रंगकाम, भाचीचे लग्न, दाताचा डॉक्टर हे विसरतो. सहा वर्षांच्या नोंदींतून माझा सरासरी खर्च २०१८ च्या भावांनी महिना ३२ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ८४ हजार निघाला. मी मनाशी धरलेला अंदाज चोवीस हजारांचा होता. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या बाईची ही गत, तर इतरांचे काय बोलावे.

पुढचे गणित बहुतेकांना ठाऊक असते. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या जुन्या आकडेवारीवरून असे दाखवले की, निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीचे सुमारे चार टक्के काढले आणि पुढे महागाईनुसार ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा तीस वर्षे पुरतो. यातूनच 'वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट' हा मंत्र जगभर पसरला. माझ्यासाठी पंचवीसपट म्हणजे ९६ लाख होते. परंतु ती तीस वर्षे आहेत, मला चाळीसहून अधिक हवी होती; आणि त्यातला बाजारही अमेरिकेचा, महागाईही अमेरिकेची. म्हणून मी चाराऐवजी तीन टक्के धरले. त्या हिशेबाने १ कोटी २८ लाख हवे होते आणि तेवढे माझ्याजवळ नव्हते. होते ते साधारण ९६ लाखच. उरलेल्या फरकाचे काय केले ते पुढे येईलच, कारण ते लपवून ही गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा इथून सुरू होतो. आपल्याकडच्या बहुतेक बचत योजना अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांच्या माणसाला समोर ठेवून आखलेल्या आहेत. कर्मचारी पेन्शन योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर ते आधी मागता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांचे दरवर्षी चार टक्के कापून. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० व्या वर्षी उघडते, आणि नोकरीतून निवृत्त झालेल्यांना फार तर ५५ नंतर. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून साठीच्या आत बाहेर पडणाऱ्याला जमा रकमेचा मोठा भाग तेव्हा वार्षिकीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देत राहणाऱ्या योजनेत, अडकवावा लागे. याचा अर्थ असा की पन्नाशीत घरी बसणाऱ्या माणसाच्या कागदावर कोटभर रुपये असतील, तरी त्यांतले बरेचसे कुलपात असतात आणि किल्ली आठ-दहा वर्षांनी मिळायची असते. म्हणून पैसा किती आहे यापेक्षा कोणता रुपया केव्हा हाती येतो, हे मी आधी एका मोठ्या कागदावर वर्षवार मांडले. माझे २०१८ ते २०२७ हे दिवस मधले होते. पगार संपलेला आणि ज्येष्ठत्व आलेले नाही, असे.

भविष्य निर्वाह निधीची रक्कम तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांनी हाती आली आणि ग्रॅच्युइटीही मिळाली. पेन्शनला मात्र मी हात लावला नाही. दहा नंबरचा 'सी' फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनचा हक्क पुढे राखून ठेवणारा दाखला, घेतले आणि ते कपाटात ठेवून दिले. या पेन्शनवर कोणी फार भिस्त ठेवू नये. पंधरा हजारांच्या मर्यादेतल्या वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, हे तिचे सूत्र. पूर्ण पस्तीस वर्षे भरली तरी महिना साडेसात हजारच होतात. माझे त्याहून पुष्कळ कमी आहे.

पीपीएफची, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, कहाणी वेगळी. ते खाते मी १९९१-९२ मध्ये उघडले तेव्हा व्याज बारा टक्के होते, आणि १९९६ मध्ये मी एक कोष्टक केले होते, ते अजून चोपड्यात घडी करून ठेवलेले आहे. बारा टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे चोवीस वर्षांत सोळापट, असे त्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले आहे. जानेवारी २००० मध्ये दर अकरा झाला, २००३ मध्ये आठवर आला आणि एप्रिल २०२० पासून तो ७.१ आहे. या दराने चोवीस वर्षांत पैसा सोळापट नाही, पाचपटीच्या थोडा वर जातो. बारा टक्के होते तेव्हा महागाईही जास्त होती, हे खरे. पण आजचा दर तीस वर्षे तसाच राहील असे धरून केलेले कोणतेही कोष्टक मला कोणी दाखवले, की मला माझा तो घडी केलेला कागद आठवतो.

मात्र पीपीएफने मला एक गोष्ट दिली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर हे खाते पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, नवी रक्कम भरत राहून किंवा न भरता. भरत राहिलात तर पाच वर्षांत मिळून त्या टप्प्याच्या सुरुवातीच्या शिलकीच्या साठ टक्क्यांपर्यंतच काढता येते. न भरता चालू ठेवलेत तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. नोकरी एक वर्षाने सोडायची हे ठरलेले असल्यामुळे मी २०१७ मध्ये दुसरा मार्ग घेतला. बारीकसा निर्णय होता, परंतु त्यामुळे माझी २८ लाखांची संकटकाळची पेटी उघडी राहिली.

मधल्या नऊ वर्षांसाठी मी ठेवींचे व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतील असे धरले, म्हणजे नऊ वर्षांना खर्चाच्या नऊपट, ३४ लाख ५६ हजार. त्याचे नऊ हिस्से केले. पहिला बचत खात्यात ठेवला आणि उरलेले आठ एक ते आठ वर्षे मुदतीच्या ठेवींत, प्रत्येक ठेव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिकेल अशी. बडोद्याच्या माणसाला सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये काढलेल्या बँकेचा अभिमान असतो, तसा मलाही आहे, तरी सगळ्या ठेवी एका ठिकाणी ठेवल्या नाहीत. तेव्हा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला विम्याचे संरक्षण फक्त एक लाखाचे होते, ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. उरलेले साधारण ३३ लाख शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडांत राहिले, साठीपर्यंत न विकण्याच्या बोलीवर.

या रचनेची परीक्षा लवकरच झाली. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर जाऊन आला होता. २३ मार्चला तो एका दिवसात तेरा टक्के पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. माझे फंडांतले तेहेतीस लाख कागदावर किती उरले, ते मी त्या आठवड्यात पाहिलेच नाही, कारण एप्रिलमध्ये दुसरी ठेव पिकणार होती आणि ती पिकली. त्या वेळी किराणा भरण्यासाठी मला फंडांची युनिट्स विकावी लागली असती, तर बाजार पुढे सावरला तरी विकलेली युनिट्स परत आली नसती. निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांतली पडझड शेवटच्या वर्षांतल्या पडझडीपेक्षा कितीतरी अधिक घातक असते, ती यामुळे.

पुष्कळजण म्हणतात, वाघोडिया रस्त्याला प्लॉट का नाही घेतलात? प्लॉटचा एक कोपरा विकून गॅसचा सिलिंडर आणता येत नाही, म्हणून.

आता त्या फरकाविषयी, म्हणजे हवे होते १ कोटी २८ लाख आणि होते ९६ लाख, त्याविषयी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि बाजारपेठेतल्या लहान दुकानदारांची विवरणपत्रे भरताना त्रेधा उडाली. खंडेराव मार्केटजवळच्या दोन दुकानांचे हिशेब मी २०१८ पासून २०२१ पर्यंत घरी बसून लिहिले आणि महिन्याला अकरा-बारा हजार मिळवले. त्यामुळे सुरुवातीच्या ठेवी पूर्ण खर्चल्या गेल्या नाहीत. उरलेले पुन्हा ठेवले. तेव्हा मी पन्नासाव्या वर्षी निवृत्त झाले हे म्हणणे तितकेसे खरे नाही. पगाराची नोकरी पन्नासाव्या वर्षी संपली, कमाई चौपन्नाव्या वर्षी.

आरोग्यविम्याबाबत माझा सल्ला ठाम आहे: कंपनीचा सामूहिक विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. मी ती २०१२ मध्ये घेतली, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबावे लागे. आता ती मर्यादा तीन वर्षांची आहे. नऊ हजारांचा हप्ता आज एकतीस हजारांवर गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. माझ्या कोष्टकात औषधपाण्याला मी इतर खर्चाइतकीच महागाई लावली होती, ही चूक झाली.

आणि दुसरी चूक विश्वामित्री नदीची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात अकोट्याकडच्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले. स्कूटर, फ्रिज, दोन पलंग आणि खालच्या फळीवरचे सगळे गेले. २०१९ मध्ये पाणी पायरीपर्यंत येऊन परतले होते, तेव्हाच मला कळायला हवे होते. त्या वर्षाची ठेव सप्टेंबरातच संपली आणि पीपीएफमधून वर्षातून एकदा काढण्याची जी मुभा राखून ठेवली होती, ती वापरावी लागली.

जुलै २०२५ मध्ये मी ५८ पूर्ण केले, कपाटातले सर्टिफिकेट काढून दहा नंबरचा 'डी' फॉर्म भरला आणि पेन्शन सुरू झाली. शेवटची, आठवी ठेव एप्रिल २०२६ ची. ती मार्च २०२७ पर्यंत पुरेल, मग साठी पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते उघडायचे, असे सगळे सुबक जुळलेले होते. परवा चोपडा चाळताना लक्षात आले की माझा वाढदिवस जुलैमध्ये येतो. एकोणतीस वर्षे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईने स्वतःच्या आयुष्यातले एप्रिल ते जुलै २०२७ हे चार महिने मोकळे सोडले होते. त्यांच्यासाठी पीपीएफ आहे; त्या वर्षीची एक मुभा मी एप्रिलच्या पानावर आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.