अर्ध्याचं अर्धं

हिरण्यकशिपूने वर मागताना वकिलाला लाजवेल असा मसुदा केला होता. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. तरी उंबरठा राहूनच गेला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला, २०१४चा वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) त्याच कुळातला. बिनजादूच्या, चांदी न चढवलेल्या शस्त्राच्या हल्ल्याने त्याला ओरखडाही उठत नाही. पण मजकुरात शब्द ‘हल्ला’ असा आहे, आणि कड्यावरून पडणं म्हणजे हल्ला नव्हे. पडण्याची इजा मोजायची ती अशी: दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त २० फासे. दोनशे फुटांवरून ढकलला तर सरासरी ७० डॅमेज (इजेचे गुण), आणि त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, सरासरी ५८. तलवारीला चांदी चढवायला १०० सुवर्णमुद्रा मोजण्यापेक्षा कडा स्वस्त. (नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकाने, त्याचं हे कवचच काढून टाकलं. सोय झाली, गंमत गेली.)

अशा पूर्ण अभयाला इम्युनिटी म्हणतात. तिचं गणित सोपं, डॅमेज शून्य. घोळ होतो तो रेझिस्टन्सच्या, म्हणजे अर्ध्या अभयाच्या, निम्म्यात. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या जादूचे आठ फासे पडले, बेरीज २७. सेव्ह (बचावाचा फासा) जमला म्हणून निम्मे, १३. वर आगीचा रेझिस्टन्स, पुन्हा निम्मे, ६. अपूर्णांक प्रत्येक पायरीवर खालीच जातो. एखाद्या जादूने ५ वजा होत असतील तर आधी वजाबाकी, मग निम्मं: २५चे २०, २०चे १०. उलटं केलंत तर ७ उरतात, आणि तीन पॉइंटांवरून टेबलावर भाऊबंदकी सुरू होते. रेझिस्टन्स आणि व्हल्नरेबिलिटी (दुप्पट इजा होण्याचा कमकुवतपणा) दोन्ही असतील तर आधी निम्मं, नंतर दुप्पट. म्हणून २३चे २२ होतात. आगीचे दोन रेझिस्टन्स असले तरी निम्मं एकदाच. दोन छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस काही निम्म्याचा निम्मा होत नाही.

बहुतेक चुका मात्र नियमात नाहीत, बोलण्यात आहेत. पेटत्या पात्याची फ्लेम टंग तलवार घेतलेला खेळाडू फासे टाकतो आणि ऐटीत ओरडतो, “सतरा!” समोर लाल ड्रॅगन. त्याला आग लागत नाही, पण पातं लागतं. सतरातले किती पात्याचे? आता फासे उचलून झालेले असतात. “कापण्याचे ९, आगीचे ८” असं सुटं सांगायची सवय लावावी; डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, अर्धं आयुष्य वाचतं.

विषाचं प्रकरण वेगळंच. विषाचा डॅमेज आणि विषबाधेची अवस्था ही दोन खाती आहेत. सांगाड्याला दोन्हींपासून अभय आहे. बुटक्या ड्वार्फला डॅमेज निम्मा आणि सेव्हला अॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून चांगला तो धरायचा). तरी सेव्ह हुकला तर विषबाधा व्हायची ती होतेच. उलट डॅमेज शून्यावर आला तर कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे चालू जादूवर लक्ष टिकवण्याचा, सेव्ह मागायचाच नाही. लागलंच नाही, तर लक्ष कशाने विचलित होणार?

आणि २०१४च्या पुस्तकातला ट्रोल हा राक्षस. स्वतःच्या पाळीच्या सुरुवातीला १० हिट पॉइंट परत मिळवतो, आणि शून्यावर असताना तसं मिळवता आलं नाही तरच मरतो. कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून दमलेली माणसं हे विसरतात. आग किंवा अॅसिड लागलं की पुढच्या पाळीला ते भरून येणं बंद. त्याला पेटत्या मशालीचा एक फटका पुरतो, त्यात आगीचा डॅमेज फक्त १ असला तरी. मशालीची किंमत एक तांब्याचं नाणं.