तवसळी, भानोले आणि वरचा विस्तव

घरी काही भाजायचे म्हटले की हल्ली आधी खरेदीची यादी तयार होते. मैदा, लोणी, अंडी, व्हॅनिला इसेन्स, बेकिंग पावडर, मोजमापाचे कप आणि जमल्यास एक इलेक्ट्रिक बीटर. एवढे सामान गोळा होईपर्यंत निम्मा उत्साह मावळलेला असतो, आणि केक झालाच तर उरलेल्या पुड्या फडताळाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतात. ज्या घरात तांदूळ, गूळ, नारळ, बेसन आणि तूप आहे, त्या घराला भाजण्यासाठी या यादीची गरज नाही, असे माझे स्वच्छ मत आहे. गरज असते ती पदार्थाला वरूनही आच देण्याची, आणि ती सोय कोकणातल्या स्वयंपाकघरांनी वीज येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवलेली होती.

ती सोय अगदी साधी होती. चुलीच्या वैलावर, म्हणजे जेथे आच बेताची असते तेथे, जाड बुडाचे पातेले ठेवायचे, त्यावर खोलगट झाकण घालायचे आणि झाकणात फुललेले निखारे पसरायचे. निखारे शक्यतो नारळाच्या करवंट्यांचे घेत, कारण ते धग बराच वेळ धरून ठेवतात. अशा पातेल्यात पदार्थ खालून शिजतो आणि वरून भाजला जातो. उकडलेल्या पदार्थाला ही संधी मिळत नाही, कारण वाफेत पदार्थाचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. म्हणूनच मोदक पांढरे राहतात आणि ढोकळा पिवळा. कोरड्या आचेत मात्र पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते, तेथील तापमान १४० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि मग प्रथिने व साखर यांच्यातील प्रक्रियेमुळे पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये केलेला केक आजारी माणसासारखा फिकट दिसतो तो याच कारणाने. तो फुगतो, शिजतो, पण भाजला जात नाही.

आमच्या घरी या पद्धतीचा सर्वांत जास्त होणारा पदार्थ म्हणजे तवसळी. रत्नागिरीकडच्या घरांतून याच पदार्थाला धोंडस म्हणतात आणि गोव्यात तवसळी किंवा तौसोळी. प्रमाण घरागणिक बदलते, पण काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे या चौघांवाचून तो होत नाही. पावसाळ्यात कोकणात तवशी येतात. ही मोठी, जाड सालीची काकडी वेलावर पिकून पिवळी-तपकिरी झाली की पुष्कळ दिवस टिकते, आणि जुन्या घरांत ती बांधून वाशाला टांगून ठेवण्याची रीत होती. शहरात गणपतीच्या सुमारास मंडईत बरेचदा तवशी मिळतात. न मिळाल्यास नेहमीच्या काकडीवर काम भागते, मात्र ती जून बघून घ्यावी, कोवळी काकडी फार पाणचट होते.

तवसे सोलून, बिया व त्यांच्या भोवतालचा मऊ गर काढून किसावे, आणि किसण्यापूर्वी दोन्ही टोकांचा एकेक तुकडा चाखून पाहावा. काकडी कडू निघाली तर ती सरळ टाकून द्यावी. तो कडूपणा गुळाने झाकत नाही, शिवाय ज्या द्रव्यांमुळे तो येतो ती पोटाला बाधतात. किसाला सुटलेले पाणी टाकून न देता तेच रव्याला वापरायचे असते. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्यामुळे वेगळे पाणी सहसा लागत नाही.

साधारण १५० मिलिलिटरच्या वाटीने माझे प्रमाण असे आहे: तांदळाचा जाडसर रवा १ वाटी, काकडीचा कीस पाण्यासकट २ वाट्या, चिरलेला गूळ पाऊण वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, तूप ३ चमचे, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि असल्यास मूठभर काजूचे तुकडे. बाजारात इडली रवा म्हणून जो मिळतो तो चालतो, पण तो बहुधा उकड्या तांदळाचा असतो. घरी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर भरड काढला तर वास अधिक चांगला येतो. रवा २ चमचे तुपावर मंद आचेवर भाजून घ्यावा. त्याचा रंग बदलायला नको, पण हाताला हलका लागायला हवा. दुसऱ्या भांड्यात काकडीचा कीस आणि गूळ एकत्र तापत ठेवून गूळ विरघळला की रवा, खोबरे आणि मीठ घालून, गुठळी होऊ न देता, मिश्रण घट्ट होऊन भांड्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळावे. रवा या वेळी तीन हिस्से शिजलेला असला पाहिजे. मिश्रण फारच आवळून आले तर थोडे पाणी किंवा नारळाचे दूध घालावे, कारण कच्च्या रव्याला पुढे कोरड्या आचेत पाणी मिळत नाही आणि तो दाताखाली कचकचतो.

आता प्रश्न वरच्या विस्तवाचा. ओव्हन असेल तर तो १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे आधी तापवून, खालची व वरची दोन्ही कॉइल चालू ठेवून, तूप लावलेल्या सहा-सात इंची भांड्यात मिश्रण थापून ४० ते ४५ मिनिटे भाजावे. तळाला हळदीचे पान घातले तर त्याचा वास आरपार भिनतो; आमच्या गॅलरीतल्या कुंडीत हळद लावण्यामागे एवढाच हेतू आहे. वरून उरलेले चमचाभर तूप सोडावे. माझ्या सासूबाई राजापूरकडच्या, आणि ओव्हनच्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "अगो, कड सुटली आणि तूप दिसायला लागलं की काढ, मिनिटं काय मोजतेस," हे त्यांचे सांगणे कोणत्याही लिखित कृतीपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण तवशात पाणी किती आहे हे घड्याळाला कळत नाही. काचेच्या दारातून पाहत राहिले की आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग कड गडद होऊन भांड्यापासून केसभर सुटते, आणि त्या फटीत तूप चमकू लागते. मध्यभाग अजून फिकाच असतो. येथून पुढे पाचेक मिनिटांत मध्यभागालाही रंग धरतो आणि मग भांडे बाहेर काढायचे.

बाहेर काढल्यावर लगेच सुरी लावू नये, हे मुलांना सांगणे हा या पाककृतीतला सर्वांत कठीण टप्पा आहे. तांदळातले पिष्ट, म्हणजे स्टार्च, निवताना आवळते आणि त्यानंतरच वडी नीट पडते. गरम असताना कापली तर ताटात शिरा येतो. मैद्याच्या केकशी तुलना केली तर एक मोठी सोय येथे लक्षात येते. मैद्यात पाणी मिसळून जास्त घोटले की ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो, त्यामुळे लहान मुलांच्या हाती चमचा देताना जीव धास्तावतो. तांदळात ग्लुटेन नाही. मुलांनी कितीही ढवळले तरी बिघडत नाही, उलट गुठळ्या मोडतात. सोडा, बेकिंग पावडर किंवा अंडे नसल्यामुळे "फुगला का, बसला का" ही चिंताही नाही. तवसळी फुगतच नाही. ती दाट, ओलसर आणि जड असते, आणि ज्याला कापसासारखा केक हवा आहे त्याने ती करू नये.

ओव्हन नसल्यास काय, असे मला अनेकदा विचारले जाते, आणि बहुधा विचारणाऱ्याच्या मनात कुकर असतो. कोरड्या कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून, शिटी व रिंग काढून भाजण्याची पद्धत घरोघरी रूढ आहे आणि तिच्यात केक होतो, हे खरे. तरीही रोजच्या वरणभाताचा कुकर मी त्यासाठी वापरणार नाही. पाण्यावाचून तापत राहिलेल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह खराब होऊ शकतो, कारण जास्त तापमानाला वितळणे हेच त्याचे काम असते, आणि पुढे तोच कुकर दाबाखाली वापरायचा असतो. त्यापेक्षा जुनी जाड कढई किंवा बिडाचा तवा व त्यावर घट्ट झाकणाचे जाड पातेले घ्यावे, आच अगदी मंद ठेवावी आणि तासभर धीर धरावा. वरून रंग हवा असेल तर लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर कडकडीत तापवून झाकणाऐवजी पातेल्यावर ठेवता येतो. तो निवला की पुन्हा तापवायचा. निखाऱ्यांची सर त्याला येत नाही, पण वरची बाजू ओलसर पांढरी राहत नाही. तापलेला तवा उचलताना पक्कड किंवा जाड फडके हाताशी असावे आणि मुले लांब असावीत, हे वेगळे सांगायला नको.

गोड झाल्यावर तिखट हवेच, आणि आमच्याकडे ओव्हन एकदा तापला की तो एकाच पदार्थासाठी तापत नाही. तवसळी खाली उतरली की भानोले आत जाते. सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, घरांतला हा पदार्थ आहे. कोळंबीचे भानोले प्रसिद्ध आणि कोबीचेही तितकेच चांगले. आमच्या घरी सासूबाईंमुळे कोबीचेच होते. बारीक चिरलेला कोबी ३ वाट्या घेऊन त्याला मीठ चोळून ठेवावे, त्याला जे पाणी सुटते त्यातच वाटीभर बेसन, २ चमचे तांदळाचे पीठ, आले-लसूण-मिरचीचे वाटण, हळद, तिखट, थोडा गरम मसाला, कोथिंबीर आणि मूठभर ओले खोबरे मिसळावे. वरून पाणी घालण्याचा मोह टाळावा. तेल मात्र सढळ हाताने, पाव वाटीच्या आसपास, अर्धे मिश्रणात व अर्धे भांड्याच्या तळाला आणि वरून. तेलात काटकसर केली की भानोले कोरडे होऊन घशात अडकते. ज्यांना कमी तेलाचे हवे त्यांनी त्या दिवशी कोबीची भाजी करावी. आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटांत वरचा थर तपकिरी होतो, कोबीच्या टोकांना जरा जरा काळसर डाग पडतात, आणि तेच तुकडे आधी संपतात. वरण, भात आणि भानोले एवढ्यावर रविवारचे जेवण होते, पोळ्या लाटाव्या लागत नाहीत.

वरच्या आचेचा सर्वांत कसोशीचा वापर मात्र गोव्यात झाला आहे. बेबिंक करताना नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा यांचे पातळ मिश्रण थोडे थोडे ओतून प्रत्येक थर वरच्या धगीवर भाजून घ्यायचा, त्यावर तूप आणि मग पुढचा थर. असे निदान सात थर तरी घालतात. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकनही मिळाले. आठवड्याच्या धबडग्यात हा पदार्थ करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तो मागवावा आणि आदराने खावा. रवा आणि खोबऱ्याचा गोव्यातला बात्क मात्र घरच्या आवाक्यातला आहे, आणि ज्यांना अंडी चालतात त्यांनी केकऐवजी तो अवश्य करून पाहावा.

नानकटाईबद्दल लिहिले नाही तर माहेरची माणसे रागावतील. आमच्या लहानपणी, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्या काळी, मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यांतून बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती. भट्टीवाला वजनावर मजुरी घेई. पाव निघून भट्टी जरा उतरली की नानकटाईचे पत्रे आत जात, कारण तिला पावाइतकी कडक आच सोसत नाही. घरच्या ओव्हनमध्ये याच कारणाने ती १६० ते १७० अंशांवर भाजावी. १ वाटी मैद्याला अर्धी वाटी घट्ट तूप, अर्ध्या वाटीहून किंचित जास्त पिठीसाखर आणि २ चमचे बेसन एवढे प्रमाण पुरते. तूप वितळलेले नसावे. परातीत ते तळहाताने फेसून पांढरेशुभ्र आणि हलके झाले की साखर घालून पुन्हा फेसावे. तुपात कोंडलेली ही हवाच नानकटाईला खुसखुशीत करते, सोड्याचा भाग त्यात फार थोडा. बाहेर काढताना ती मऊ लागते म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवणारे तिची बिस्किटे करून टाकतात. पत्र्यावरच निवू द्यावी, ती आपोआप कडक होते.

टिकण्याच्या बाबतीत तिघींचे स्वभाव वेगळे आहेत. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे राहते, अर्थात डबा उंचावर असेल तर. भानोले दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून तव्यावर परतले तर पहिल्या दिवसापेक्षा चांगले लागते. तवसळीत ओले खोबरे आणि काकडी असल्यामुळे ती दमट हवेत एका दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये तीन दिवस राहते, पण तेथे तांदूळ कडक होतो. त्यासाठी सकाळी शाळेचे डबे भरायच्या आधी तिच्या बोटभर जाडीच्या वड्या तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी परतून घ्याव्यात, म्हणजे त्या आतून पुन्हा मऊ होतात आणि कडेचा गूळ पुन्हा एकदा तांबूस होतो.