धोळावीरा आणि कारागिरांची गावे एका दिवसात होत नाहीत

भुजहून सकाळी निघून ‘रोड टू हेवन’ हा रणातला रस्ता, धोळावीरा हे सिंधू संस्कृतीचे नगर आणि निरोणा, अजरखपूर व भुजोडी ही कारागिरांची गावे, अशी पाचही ठिकाणे गाईडसह एकाच दिवसात दाखवण्याची सहल तुम्हांला कोणी विकत असेल, तर ती घेऊ नका. जानेवारीत आम्ही तिघांनी, म्हणजे मी, पत्नी आणि माझ्या थोरल्या ताईने, माणशी साडेतीन हजार रुपये भरून ती घेतली आणि त्यातली दोनच ठिकाणे आमच्या वाट्याला आली. पुढचे तीन दिवस हाताशी होते म्हणून आम्ही तीच ठिकाणे आपली आपण पुन्हा पाहिली, आणि पैशांपेक्षा मोठी फसवणूक वेळेची झाली होती हे तेव्हा कळले. ज्यांच्याकडे असे मोकळे दिवस नसतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

नकाशा आधी पाहिला असता तर पैसे भरण्यापूर्वीच शंका आली असती. धोळावीरा भुजच्या ईशान्येला खडीर बेटावर, कच्छच्या मोठ्या रणात आहे. खावड्यावरून रण ओलांडून जाणाऱ्या नव्या रस्त्याने ते सुमारे 135 किलोमीटर पडते. भचाऊ आणि रापरवरून जाणारा जुना रस्ता दोनशे किलोमीटरांहून लांब आहे. निरोणा भुजच्या वायव्येला 40 किलोमीटरांवर आहे, तर भुजोडी आणि अजरखपूर पूर्वेला, साधारण 8 आणि 15 किलोमीटरांवर. म्हणजे ही गावे तीन वेगळ्या दिशांना आहेत आणि नुसत्या धोळावीराच्या जाण्यायेण्यालाच सहा तास लागतात. जानेवारीत कच्छात सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. अकरा तासांच्या उजेडातून सहा वजा केले की उरलेल्या पाच तासांत चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे एक नगर आणि तीन गावे बसवायची, असा तो बेत होता.

सहाला निघणार असे सांगितलेली सतरा आसनी गाडी चार हॉटेलांतून माणसे गोळा करीत सात वाजून वीस मिनिटांनी भुजबाहेर पडली. भिरंडियाऱ्याला चहा आणि दुधाचा मावा यांत अर्धा तास गेला. त्याबद्दल तक्रार नाही, तिथला मावा खरोखर चांगला असतो. खावडा मागे पडल्यावर रण लागले. दोन्ही बाजूंना पांढरे मीठ, मधूनच साचलेले उथळ पाणी आणि मधोमध सरळ डांबरी रस्ता असे ते दृश्य डोळ्यांत मावत नाही. मात्र पंधरा मिनिटे थांबू असे सांगून गाडी तिथे एक तास दहा मिनिटे उभी राहिली, कारण गाईडच्या ओळखीचा छायाचित्रकार तिथे होता आणि प्रत्येक कुटुंबाचे फोटो काढून त्याचे वेगळे पैसे घेतले जात होते. आम्ही नको म्हटले, तरी इतरांचे होईपर्यंत थांबावेच लागले. या रस्त्यावर स्वतःच्या गाडीने गेलात तर थांबा जरूर, पण रस्त्याच्या कडेवरून खाली मिठावर उतरताना आधी पायाने चाचपून पाहा. वरचा थर कडक दिसतो आणि खाली चिखल असतो. सहलीतल्या एका मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बूट काढायला दोघे जण लागले.

धोळावीरात पोहोचल्यावरही थेट अवशेषांकडे न जाता गाडी एका भोजनगृहात गेली आणि प्रत्यक्ष नगराच्या दारात आम्ही एक वाजून वीस मिनिटांनी उतरलो. अडीच वाजता गाडीत बसायचे असे गाईडने जाहीर केले. सत्तर मिनिटांत धोळावीरा पाहणे अशक्य आहे, हे मी पुढे साडेपाच तास तिथे घालवल्यानंतर खात्रीने सांगतो. तटबंदीच्या आतले नगरच पाऊणशे मीटर नव्हे, तर पाऊण किलोमीटर लांब आहे. सावलीसाठी एकही झाड नाही, वाट दगडधोंड्यांची आहे आणि जानेवारीतही दुपारचे ऊन डोके तापवते. गाईडने सर्वांना पूर्वेकडच्या जलाशयाच्या काठावर उभे केले, तिथून घाईघाईने बालेकिल्ल्यावर चढवले, उत्तर दरवाजाकडे बोट दाखवले आणि परत फिरवले. मधले नगर, खालचे नगर, दक्षिणेकडची खडकात कोरलेली टाकी, पश्चिमेची दफनभूमी आणि संग्रहालय यांपैकी आम्ही काहीही पाहिले नाही.

त्याहून अधिक राग आला तो सांगितलेल्या माहितीचा. उत्तर दरवाजालगतच्या खोलीत 1991 साली सिंधू लिपीतली दहा मोठी चिन्हे सापडली. जिप्समचे तुकडे जोडून केलेली ही चिन्हे सुमारे 37 सेंटिमीटर उंचीची आहेत आणि ती लाकडी फळीवर बसवलेली होती. लाकूड कुजून गेले आणि चिन्हे जशी पडली तशीच ओळीत राहिली. ही लिपी आजवर सर्वमान्य रीतीने कोणालाही वाचता आलेली नाही. आमच्या गाईडने मात्र त्या दहा चिन्हांचा अर्थ ‘नगरात आपले स्वागत आहे’ असा आहे, हे अगदी ठामपणे सांगितले, आणि सोबतची शाळकरी मुले ते वहीत लिहून घेत होती. ताई तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवीत होती. तिने शांतपणे विचारले, “दादा, हे कोणी वाचले?” त्यावर त्याने पुढच्या माणसांना हाक मारली आणि तो चालू लागला. ज्या जागेचे महत्त्वच ‘अजून कळलेले नाही’ या वस्तुस्थितीत आहे, तिथे पैसे घेऊन मुलांना खोटे सांगणे हा मी गंभीर अपराध मानतो. गाईड घेण्यापूर्वी त्याला या पाटीबद्दल एक प्रश्न जरूर विचारा आणि त्याने अर्थ सांगितला तर दुसरा शोधा. धोळावीरा गावातल्या ज्या गृहस्थांनी आम्हांला दुसऱ्या खेपेला नगर दाखवले, त्यांनी लहानपणी उत्खननावर काम करणाऱ्या वडिलांना डबा नेऊन दिला होता. ‘हे माहीत नाही’ हे वाक्य त्यांनी चार वेळा उच्चारले आणि त्यामुळेच बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसला.

परतीच्या वाटेवर निरोणा येईल म्हणून आम्ही वाट पाहत होतो. पाच वाजून गेल्यावर गाडी रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या आवारात शिरली. दारावर हस्तकला ग्राम अशी पाटी होती, आत ओळीने नऊ दुकाने होती आणि एका कोपऱ्यात हातमाग ठेवलेला होता. मागावर अर्धवट विणलेले कापड होते आणि त्या कापडावर बोट फिरवले तर धुळीचा पट्टा उठत होता. कारागीर कुठे आहेत, असे विचारल्यावर आज सुटी आहे, असे उत्तर मिळाले. गाईडने हेच कारागिरांचे गाव असल्याचे सांगितले. मी चालककाकांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, निरोणा या रस्त्यावर येतच नाही. रोज इथेच आणतात.” त्यांनी खरे सांगितले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

या आवारात आम्ही एक तास वीस मिनिटे होतो, म्हणजे धोळावीरापेक्षा दहा मिनिटे जास्त. पत्नीने तिथे ‘हाताने छापलेला अजरख’, म्हणजे लाकडी ठशांनी छापून रंगवलेले कच्छी कापड, म्हणून एक सुती स्टोल चोवीसशे रुपयांना घेतला. दुसऱ्या दिवशी अजरखपुरात तो एका छपाई करणाऱ्या बाईंना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून आमच्या हातात दिला आणि काही बोलल्या नाहीत. उलट बाजू जवळजवळ पांढरी होती. तिथेच आम्ही खरा अजरख साडेनऊशेला घेतला.

ही पारख शिकून घेणे अवघड नाही, म्हणून नीट सांगतो. अजरखाचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. मग चुना आणि डिंक यांचे मिश्रण लाकडी ठशाने उमटवतात, म्हणजे जिथे रंग नको तिथे तो चढत नाही. काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्यात चिंचोक्यांचे पीठ शिजवून होतो, लाल रंगासाठी तुरटी लावून कापड उकळत्या रंगात घालतात आणि निळ्यासाठी ते निळीच्या हौदात बुडवतात. अनेकदा धुणे आणि वाळवणे धरून हे काम काही आठवडे चालते. कापड रंगात अख्खे बुडालेले असल्यामुळे लाल आणि निळा रंग मागच्या बाजूलाही उतरलेला असतो, जरी नक्षी तिथे अस्पष्ट असली तरी. यंत्रावर किंवा स्क्रीनने छापलेला रंग पृष्ठभागावरच बसतो. दुसरी खूण ठशांच्या सांध्याची. छपाई करणारा ठसा टेकवून त्यावर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोराने मारतो, पुन्हा उचलतो आणि आधीच्या कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवतो. कितीही कसलेला हात असला तरी कापडावर कुठेतरी रेघ केसभर दुहेरी होते किंवा किंचित सुटते. नक्षीचा प्रत्येक चौकोन अगदी तंतोतंत सारखा असेल, तर ते कापड ठशाचे नाही.

अजरखपूर हे गावच 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर वसलेले आहे. धमडका गावच्या पाण्यात भूकंपानंतर लोहाचे प्रमाण बदलले आणि रंग बिघडू लागले, म्हणून तिथली छपाई करणारी बरीच खत्री कुटुंबे इकडे आली. तिथे जाण्यासाठी गाईड लागत नाही. भुजहून रिक्षा ठरवा, भुजोडीचे विणकर त्याच फेरीत होतात. निरोणा वेगळी सकाळ मागते. तिथे एरंडेल शिजवून केलेल्या घट्ट रंगाचा धागा सळईने काढून कापडावर उमटवलेले रोगन काम, लाखेचे रंगीत लाकूडकाम आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घंटा, तिन्ही एकाच गावात आहेत. आमचा तो दिवस सुखाचा गेला. कारागिरांनी काम दाखवले, घ्यायचा आग्रह केला नाही.

आता धोळावीराविषयी, ज्यासाठी हे सगळे केले. तिसऱ्या दिवशी खाजगी गाडीने आम्ही तिथे गेलो, गावात मुक्काम केला आणि दुसऱ्या सकाळी ऊन चढण्याआधी नगरात शिरलो. जगत्पती जोशींनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ही जागा उजेडात आणली, आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली 1990 च्या सुमारास उत्खनन सुरू झाले आणि 2021 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. बारमाही नदी नसलेल्या या बेटावर मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बंधारे घालून नगराभोवती एकामागून एक जलाशय भरून घेतले होते. पूर्वेचा जलाशय 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल आहे. मोहेंजोदडोचे प्रसिद्ध स्नानगृह 12 मीटर लांब आहे, हे लक्षात घेऊन त्या काठावर उभे राहा. त्याच्या तळाशी सकाळी सावली असते आणि पायऱ्यांची रांग स्पष्ट दिसते. दुपारी दीड वाजता आम्हांला तिथे नुसता पांढरा झगझगाट दिसला होता. बालेकिल्ल्यावरच्या विहिरीपाशी एक दगड आहे, त्याच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा आहेत. ताईने त्या खाचेत बोट ठेवले, ते अर्धे आत गेले. आमच्या गावच्या आडावर अशाच खाचा आहेत, असे ती म्हणाली आणि बराच वेळ तिथून उठली नाही. पहिल्या दिवशी आम्ही याच विहिरीपासून तीन पावलांवरून गेलो होतो आणि आम्हांला ती कोणी दाखवली नव्हती.

म्हणून मुक्काम कराच. पाणी माणशी किमान दोन लिटर, टोपी आणि घट्ट तळाचे बूट हवेत. संपूर्ण फेरी पूर्वेच्या जलाशयाकडून सुरू करून बालेकिल्ला, उत्तरेचे सुमारे 283 मीटर लांबीचे मैदान, मधले आणि खालचे नगर, आणि शेवटी दक्षिणेची कोरीव टाकी अशी करा, म्हणजे ऊन चढेपर्यंत उघडा भाग संपतो. संग्रहालय नंतर पाहा. खावडा सोडल्यावर पेट्रोल आणि मोबाइलचे नेटवर्क यांवर विसंबू नका, स्वच्छतागृहाची सोयही आधीच उरकून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा, कारण हा सीमेलगतचा भाग आहे. परतताना सूर्यास्तापूर्वी खावड्याच्या पुढचा बन्नीचा गवताळ प्रदेश ओलांडा. तिथल्या म्हशी अंधारात रस्त्यावर बसलेल्या असतात आणि काळ्या डांबरावर त्या गाडीच्या दिव्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. पहिल्या दिवशी आमची गाडी दोनदा करकचून थांबली.

पैसे परत मागितल्यावर सहल काढणाऱ्यांनी आधी नकार दिला. छापील पत्रकावर निरोणा, अजरखपूर आणि भुजोडी ही तिन्ही नावे होती आणि आम्ही ते पत्रक जपून ठेवले होते, ते समोर ठेवल्यावर माणशी हजार रुपये मिळाले. तुम्हांला घ्यायचीच असेल तर आधी गावांची नावे आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारा वेळ लिहून घ्या, आणि धोळावीरासमोर चार तासांपेक्षा कमी लिहिले असेल तर सही करू नका.