तंगडीचा न्याय

कोंबडीला तंगड्या दोनच, आणि पंगतीला माणसं कायम त्याहून जास्त. माहेरी रविवारी कोंबडी आणली की रश्शाला उकळी फुटायच्या आत तंगड्यांचं वाटप ठरलेलं असायचं. एक धाकट्याची, एक पाहुण्याची. पाहुणा नसला तर दुसरीसाठी भांडण. छातीचे तुकडे कुणी मागून घेतल्याचं मला आठवत नाही. ते रश्शात बुडवून, भाताबरोबर कालवून संपवायचे. अमेरिकेत आले आणि दुकानातल्या मांसाच्या कपाटासमोर गोंधळून उभी राहिले. इथे छातीचा भाव चढा आणि तंगड्या पाकीटभरून स्वस्तात. ज्यांच्यासाठी आम्ही भावंडं रुसून बसायचो, त्यांना इथे फारसं कुणी विचारत नव्हतं.

म्हणून की काय, परसातल्या ग्रिलवर अख्खी कोंबडी भाजायची इथली रीत मला लगेच आवडली. त्यात दोन्ही पक्षांना आपापलं मिळतं. पण हे काम रस्सा करण्याइतकं सोपं नाही. मांस जरा जास्त शिजलं तरी रस्सा ते पोटात घालतो. वाटणात खोबरं आहे, वर तर्री आहे, भाकरी चुरून खाल्ली की कोण बघतंय तुकडा कोरडा आहे की मऊ! ग्रिलवर ती सोय नाही. जो काही रस आहे तो मांसाच्या आत राहिला तर राहिला, नाहीतर तोंडात चोथा.

खरी अडचण अशी, की अख्खी कोंबडी म्हणजे एकाच कातडीत नांदणारे आणि एकमेकांशी अजिबात न पटणारे दोन भाऊ. तंगडीचे स्नायू दिवसभर अंगाचा भार पेलतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो, तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन त्यांच्यात भरपूर असतं, म्हणून ते मांस गडद दिसतं. छातीचे स्नायू उडण्यासाठीचे, आणि ब्रॉयलर कोंबडी काही उडत नाही. तिथलं मांस पांढरं, चरबी बेताची. जरा जास्त वेळ आचेवर राहिलं की त्यातलं पाणी निथळून जातं. तंगडीचं उलट. सांध्यांभोवती कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं, ते विरघळून मऊ व्हायला 80 अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं आणि वेळही द्यावा लागतो. इथल्या कृषी खात्याचा नियम कोंबडीच्या सगळ्या भागांना सारखाच: आतपर्यंत 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले 74 सेल्सियस. तेव्हा छाती 74 ला पोचेल त्याच सुमाराला मांडी 80 च्या पुढे गेलेली हवी. विस्तव एकच, कोंबडी एकच.

यावरचा तोडगा मात्र साधा आहे. कोळसे पसरायचेच नाहीत. एका अंगाला निखाऱ्यांचा ढीग, दुसरं अंग रिकामं. कोंबडी रिकाम्या अंगाला ठेवायची, तंगड्या निखाऱ्यांकडे आणि छाती लांब. दुकानात भाव खाणारी छाती इथे मागच्या बाकावर बसते. काही लोक तर भाजण्याआधी नुसत्या छातीवर बर्फाची पिशवी ठेवतात, म्हणजे तिला तापायला उशीर व्हावा. ऐकून आधी मला हसू आलं, मग पटलं.

त्याहून पुढचा उपाय म्हणजे मजबूत कात्रीने पाठीचा कणा कापून काढायचा, कोंबडी पुस्तकासारखी उघडायची आणि छातीच्या हाडावर तळहाताने दणका देऊन सपाट करायची. जाडी सगळीकडे सारखी होते आणि पाऊण-एक तासात काम उरकतं. अख्खी कोंबडी ऐटीत टेबलावर आणण्याची हौस असणाऱ्यांना हे रूप आवडत नाही. मला आवडतं. काढलेला कणा सूप करायला होतो.

आणि झाकण. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ होते. कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल तयार होत. उघड्या ग्रिलवरच्या वाऱ्याला आणि राखेला वैतागून 1952 मध्ये त्यांनी अशाच अर्धगोलांतून खाली तसराळं आणि वर झाकण केलं, तळाला पाय लावले. आज अमेरिकेत गल्लोगल्ली दिसणारं ते काळं गोलसर ग्रिल हेच. झाकण लावलं की ग्रिलची भट्टी होते. धग नुसती खालून लागत नाही, गोल फिरून वरूनही लागते. कोळशावर ठिबकलेल्या चरबीचा धूर कातडीला लागतो, पण भडका उडत नाही, कारण हवा खालच्या-वरच्या झरोक्यांतून मोजून येते. झाकण उघडलं की धग जाते आणि निखाऱ्यांना फुकटचा वारा मिळतो.

मराठी हाताला हे फार जड जातं. आपण झाकण काढणार, ढवळणार, पळीने हातावर घेऊन मीठ बघणार. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि दर थोड्या वेळाने, "अगं, बघ तरी एकदा. करपली असेल." मी म्हटलं, "आई, आत थर्मामीटर खोचलाय, बाहेर आकडा दिसतोय." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मेलेल्या कोंबडीचा ताप बघतेस?" यावर काय बोलणार! पण खरं सांगते, सगळ्या साहित्यात मी एकच वस्तू हट्टाने चांगली घेईन, ती म्हणजे तो थर्मामीटर. मांडीच्या सगळ्यात जाड भागात खोचायचा, हाडाला लागू द्यायचा नाही, आणि शेवटी छातीही बघायची. रंगावर विसंबण्यात अर्थ नाही. पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही हाडाजवळ लालसर दिसू शकतं.

कातडीबद्दल मला माझी मतं बदलावी लागली. आपल्याकडे कोंबडीवाला कातडी सोलूनच देतो, ठेवायला सांगितली तर दोनदा विचारतो. ग्रिलवर तीच कातडी छातीचं पांघरूण असते. आदल्या दिवशी कोंबडीला नुसतं मीठ चोळायचं आणि फ्रीजमध्ये रात्रभर उघडीच ठेवायची. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि हळूहळू आत शिरतं. असं मीठ मुरलेलं मांस भाजताना पाणी कमी सोडतं. फ्रीजच्या कोरड्या हवेत कातडी सुकते, मग ती खरपूस होते. मसाल्याचं मात्र तसं नाही. आलं-लसूण म्हणा, हळद म्हणा, रात्रभर ठेवलं तरी काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसं जात नाही. आतपर्यंत पोचतं ते मीठ. तंदुरीवाले म्हणून चिरा पाडतात. पण त्यांची कोंबडी लहान, सोललेली, आणि तंदूरची धग प्रचंड. इथल्या दोन किलोच्या धुडाला मी चिरा पाडत नाही. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला लोण्यात कालवून बोटांनी कातडीखाली सरकवते. बाहेरून लावला तर तो करपून कडू होतो, कातडीखाली सुखात असतो.

मी राहते ते सिराक्यूज, न्यूयॉर्क शहरापासून गाडीने चारेक तासांवर. हिवाळ्यात इथे बर्फ एवढं पडतं की दारातून ग्रिलपर्यंत फावड्याने वाट काढणारे महाभाग आमच्या गल्लीत आहेत. इथल्या कोंबडीचं एक वेगळं घराणं आहे. जवळच्याच कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर नावाचे प्राध्यापक होते. कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचा माल जास्त खपावा म्हणून लोकांना अंगणात कोंबडी भाजायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि 1950 मध्ये विद्यापीठाच्या पत्रिकेतून कृती छापली. सफरचंदाचा शिरका, तेल, मीठ, मिरी, वाळलेल्या पाल्यांचा मसाला, आणि तेल-शिरका एकजीव राहावा म्हणून एक अंडं. कोंबडीचे दोन उभे भाग करायचे आणि भाजताना हे मिश्रण वरचेवर लावत राहायचं. आजही या भागात अग्निशमन दलासाठी किंवा चर्चसाठी निधी गोळा करायचा म्हटलं की रस्त्याकडेला हीच कोंबडी भाजतात आणि शिरक्याचा वास मोटारीत शिरतो. शेजारचे आजोबा माझ्या लोणी-मसाल्याकडे बघून मान हलवतात. त्यांच्या मते अंडं आणि शिरका नाही ती कोंबडीच नाही. खाताना मात्र दुसऱ्यांदा घेतात.

त्यांना मी एकदा पोपटी समजावून सांगितली. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, ढवळणं नाही. झाली का ते बघायचं तर तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात आणि चर्रकन आवाज होऊन ते उडून गेलं की मडकं बाजूला घेतात. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, झाकण कुठंय? म्हटलं, जमीनच झाकण. अलिबाग-पेणकडची माणसं पोपटीचं मडकं भाजत असताना उघडून बघत नाहीत, हे मी सासूबाईंनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मडक्याला थर्मामीटर नसतो पण."

उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोंबडीला तसंच राहू द्यावं लागतं, नाहीतर सुरी लावताच रस पाटावर वाहून जातो. मग वाटप. इथे वाढलेली आमची मुलं छाती मागतात, त्यांच्या मित्रांनाही तीच हवी असते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तंगडीसाठी मला कुणाशी भांडावं लागत नाही. पण मी तंगडीआधी दुसऱ्याच गोष्टीवर हात मारते. पाठीच्या बाजूला, मांडी जिथे जोडलेली असते तिथे, खळग्यात सुपारीएवढे मांसाचे दोन गोळे असतात. कोंबडीतलं सगळ्यात रसाळ मांस ते. ताटात वाढलेले ते कुणी पाहिलेले नाहीत, कारण सुरी माझ्या हातात असते.