पुरुमेंतात यंदा दोरही

मे महिना आला की आमच्या घरी पुरुमेंत सुरू होतं. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द गोव्यात हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत आपला झालाय. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं, मिठातली तोरं म्हणजे कैऱ्या, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, फणसाचे पापड. सासूबाईंच्या हाताखाली हे सगळं भरून झालं की मला वाटायचं, आता वादळ येवो की पूर, आपण तयार आहोत.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि शेजारचा फणस विजेच्या तारांवर आडवा झाला. तीन दिवस वीज नव्हती. डबे भरलेले, विहिरीला पाणी, पण नळाला थेंब नाही. टाकी मोटारीवर भरायची, आणि मोटार बसवली तेव्हा आम्ही विहिरीवरचा रहाट काढून टाकला होता. मग कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी करून बादली सोडली. चौथ्या बादलीला माझे तळवे सोलवटले. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य रहाटावर गेलेलं.

त्यांच्या इन्सुलिनने तर झोपच उडवली. इन्सुलिन टोचायचं चालू पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे राहतं, पण न उघडलेली पेनं थंडच हवीत. मी एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली. आपल्या दमट हवेत ते फार गार होत नाही, तरी स्वयंपाकघराच्या धगीपासून औषध लांब राहिलं. आता बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये कायम असतात आणि एक थर्मास फक्त औषधासाठी राखलाय. त्यात औषध बर्फाला चिकटून ठेवायचं नाही, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, कारण गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

त्याच वर्षी जुलैत म्हादई नदीला पूर आला आणि सत्तरी तालुक्यात माझ्या मावसबहिणीच्या विहिरीत गढूळ पाणी शिरलं. घरात पाणी होतं, पण पिण्याजोगं नव्हतं. तेव्हापासून आमच्या पुरुमेंतात क्लोरीनच्या गोळ्या आणि झाकणाचे दोन कॅन असतात. बॅटरी, सेल, पॉवर बँक आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळच्या खुंटीला. दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत तातडीच्या मदतीचा ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर लिहून ठेवलेत. फोनची बॅटरी संपली तर फोनमधले नंबर काय कामाचे?

रहाट आम्ही परत बसवला. दर मे महिन्यात दोर बदलतो. परवा मी काथ्याचा नवा दोर थेट रहाटावर चढवायला निघाले, तर सासूबाईंनी हाक मारली, "अगो, आधी रात्रभर भिजत घाल तो. कोरडा दोर हात कापतो."

आता तो परसातल्या घंगाळात भिजतोय.