आमची वाटचाल: कापसाच्या ओलाव्यापासून पेशींच्या थरापर्यंत

हिंगणघाट पट्ट्यातल्या जिनिंगचे ओलावा-मीटर दुरुस्त करणं हे आमच्या वर्कशॉपचं मूळ काम. कापूस दोन इलेक्ट्रोडमध्ये दाबून रोध मोजायचा. जितका ओलावा जास्त तितका रोध कमी. दाब बदलला की आकडा खोटा. आता आम्ही पेशी-प्रयोगशाळांसाठी टीर मीटर (पेशींच्या थराच्या आरपार विद्युत रोध मोजणारं यंत्र) बनवतो, आणि तिथंही आकड्यापेक्षा तो घेतला कसा हेच महत्त्वाचं.

प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, बसणाऱ्या जाळीदार पडद्याच्या छोट्या कपावर (इन्सर्टवर) पेशींचा सलग थर वाढवतात. पेशींमधले घट्ट सांधे जुळले की आयनांची वाट अडते आणि आरपारचा रोध चढतो. आतड्याच्या काको-२ पेशींना पक्का थर धरायला साधारण २१ दिवस लागतात.

डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, इथं चालत नाही: इलेक्ट्रोडवर ध्रुवीकरण होतं (विद्युतभार साचतो), पेशींनाही इजा होते. आम्ही १२.५ हर्ट्झचा, १० मायक्रोअँपियरचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, देतो. तारा चार, दोन प्रवाहाच्या, दोन व्होल्टेज मोजायच्या, म्हणजे इलेक्ट्रोडचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. मीटर बॅटरीवरच चालतं, कारण मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण वाचनात शिरते.

तार ९९.९ टक्के शुद्ध चांदीची हवी. दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं, ते पेशींना विषारी. तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवावा लागतो. तो झिजून चांदी चमकायला लागली की वाचन सरकतं. काही मिनिटं ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन थर परत आणता येतो. निर्जंतुकीकरणाला ७० टक्के इथेनॉल, पण रात्रभर त्यात ठेवू नका.

हिशेबात सर्रास चूक होते. समजा वाचन ५२० ओहम आलं, रिकाम्या इन्सर्टचं १२०. उरले ४००. १२-वेल इन्सर्टचं क्षेत्रफळ १.१२ चौ. सेंमी, म्हणून ४४८ ओहम-चौ. सेंमी. गुणायचं, भागायचं नाही! लहान क्षेत्रफळाला रोध जास्त येतो, म्हणून गुणाकारानेच वेगवेगळ्या मापांच्या इन्सर्टची तुलना जमते.

विदर्भात खरी कसोटी तापमानाची. माध्यमाची, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाची, वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात कूलरच्या खोलीत आणि डिसेंबरात त्याच पेशी वेगळा आकडा देणारच. प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून काढल्यावर २० मिनिटं थांबा, खोलीचं तापमान नोंदवा, रिकाम्या इन्सर्टचं वाचनही त्याच वेळी घ्या. वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेला आम्ही पहाटे मोजायला सांगतो.

इलेक्ट्रोड सरळ उभा धरा. लांब पाय बाहेरच्या द्रवात, आखूड आत. पडद्याला टेकू देऊ नका. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. पडद्याखाली बुडबुडा अडकला तर आकडा फुगतो. आत ०.५ मिली, बाहेर १.५ मिली माध्यम ठेवा. पातळी बदलली की वाचन बदलतं.

थराची शंका आली तर एका वेलमध्ये ईजीटीए (कॅल्शियम बांधून घेणारं रसायन) टाका. कॅल्शियम निघून जातं, सांधे उघडतात, रोध रिकाम्या इन्सर्टच्या जवळ कोसळायला हवा. कोसळलाच नाही तर आधी मीटरसोबत आम्ही देतो तो ०.१ टक्के अचूकतेचा १००० ओहमचा रोधक जोडून बघा. तो बरोबर दिसला तर दोष इलेक्ट्रोडमध्ये शोधा.