हा सूर्य कुठल्या गावचा?

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं, शाळेबद्दल सगळं लिहायचं. कौलं, घंटा, स्नेहसंमेलन. लिहायला बसलो आणि इंग्रजीच्या सरांनी दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नाही.

नववीत शनिवारी शाळा सुटल्यावर सर आम्हा सात-आठ जणांना ग्रंथालयाच्या खोलीत थांबवायचे आणि मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' वाचायचे. अभ्यासक्रमात नव्हती. मिसिसिपी नदी, तराफ्यावर हक नावाचा एक उनाड पोरगा आणि गुलामीतून पळालेला जिम. सर इंग्रजी वाचायचे आणि अर्थ सांगायचे तो मालवणीत! "हक पुस्तकी बोलत नाही, मग मी का बोलू?" ट्वेननं आरंभीच बजावलंय म्हणे, की यात वेगवेगळ्या बोली आहेत, मोजल्या तर सात भरतात. 'मार्क ट्वेन' म्हणजे नावाड्यांच्या भाषेत दोन वाव, म्हणजे बारा फूट, खोल पाणी, हे ऐकल्यावर तर मच्छीमारांच्या खारवाड्यातली पोरं एकदम सावरून बसली.

त्याच सुमारास सरांनी 'खाडीवरची सकाळ' असा निबंध घातला. मी सहस्ररश्मी, सुवर्णकिरण, पक्ष्यांची किलबिल, काहीच बाकी ठेवलं नाही. वही परत आली. खाली लाल शाईत एकच ओळ: "हा सूर्य कुठल्या गावचा?"

पुढच्या शनिवारी त्यांनी एकोणिसावं प्रकरण काढलं. नदीवर उजाडतंय, धुकं वर चढतंय, रानफुलांचा वास घेऊन वारा येतोय, आणि तेवढ्यात हक म्हणतो (सरांच्या मालवणीत), "पण दरवेळी तसां नाय हां, कधी कधी कुसक्या माशांची घाण पण येता." आम्ही फिदीफिदी हसलो. सर हसले नाहीत. "ही घाण लिहिली म्हणून फुलांचा वास खरा वाटतो. याला वास्तववाद म्हणतात. जा, परत लिही."

लिहिलं. ओहोटीचा चिखल, वाळत टाकलेले बोंबील, रात्रभर जागून रिकाम्या होडीतून परतलेले आमचे आबा, लोटा घेऊन काठावर बसलेली माणसं. सरांनी वर्गात वाचून घेतला. एका पालकांची तक्रार आली की असलं लिहायला शिकवतात काय. सर मला म्हणाले, "१८८५ साली अमेरिकेतल्या कॉनकॉर्ड गावच्या वाचनालयानं ही कादंबरीच हद्दपार केली होती. तुझी सोबत चांगली आहे." दहापैकी साडेसहा दिले. आजही वाटतं, सात द्यायला हरकत नव्हती.

जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र हक फाडतो, नरकात जावं लागलं तरी चालेल म्हणतो, तिथे मात्र सरांनी मालवणी केलं नाही. पुस्तक मिटलं आणि खिडकी लावायला उठले.

पुढे मी मर्चंट नेव्हीत गेलो, चौतीस वर्षं काढली, कप्तान म्हणून उतरलो. बंदरावर बंदर पाहिलं. मिसिसिपी तेवढी राहिली. ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक कक्ष आहे असं कळलं. असो.

जहाजावरच ट्वेनचं प्रवासवर्णन हाती आलं. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत आला होता. हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसानं नोकराच्या थोबाडीत मारली. तो बिचारा चकार शब्द बोलला नाही. ट्वेन लिहितो की त्यासरशी तो पन्नास वर्षं मागे, मिसूरीतल्या लहानपणात गेला. त्याचे वडील एरवी मायाळू, पण घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी मारायचे. हकच्या मनातली ओढाताण कुठून आली, ते मला त्या पानावर कळलं. सरांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वाचनात आलं नसावं. सुट्टीत घरी गेलो की सांगू म्हणून पान दुमडून ठेवलं.

त्या खेपेला घरी पोचलो, तेव्हा सरांचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता.